आबा उभे असतील तिथं उतरा

"तोंड गाडी जाती तिकडं, पाय डावा." आबा हे म्हणायचे आणि लगेच करून दाखवायचे. भोर स्टँडसमोरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला एकच पायरी आहे. तिच्यावरून ते असे उतरायचे की बघणाऱ्याला वाटावं, दुकान पळतंय.

सत्तरी ओलांडलेले, हिर्डोशीकडचे. सगळी नोकरी मुंबईत, सिटी बसवर कंडक्टर. गावी परत आले तरी अंगातली गाडी काही थांबली नव्हती. सकाळच्या एसटीत मीपण असायची, दुकानावर येताना. सीट रिकामी असली तरी आबा उभेच. आणि एसटीच्या कंडक्टरला रोजचा सल्ला, लोकांना जरा पुढं सरका म्हणत जा की. तो म्हणायचा, "आबा, सात मान्सं हायत गाडीत. कुठं सरकवू?"

असं एखादं माणूस तुमच्याकडंही असेल, आपण त्याला हसतो आणि सोडून देतो. पण आबांकडं एक काम होतं आणि ते चेष्टेचं नव्हतं. कॅन्सरच्या तपासणीसाठी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जाणारी भोर-वेल्ह्याची माणसं आधी त्यांच्याकडं यायची. तपासणीची तारीख मिळालेली असते, ती कायम मंगळवारचीच, फाईल असते, पण एसटीतून उतरल्यावर सिटी बसनं दवाखान्यापर्यंत जायचं कसं, हे कोण सांगणार? ते आबा सांगायचे आणि मी चिठ्ठी टाईप करायची. बसचा नंबर, किती स्टॉप, उतरल्यावर समोर घड्याळाचं दुकान, त्याला लागून बोळ, बोळातून सरळ दवाखान्याचं फाटक. शेवटची ओळ कायम तीच. कुणाला विचारू नका. हातात फाईल दिसली की दलाल चिकटतात, भलत्याच दवाखान्यात नेऊन बसवतात, हे त्यांनी नोकरीत डोळ्यांनी बघितलं होतं.

चिठ्ठी झाली की तालीम! दुकानातला बाक म्हणजे बस. पेशंट आणि सोबतचं माणूस बाकावर, आबा समोर डुलत उभे, एकेक स्टॉपचं नाव ओरडणार. आपल्या स्टॉपच्या आधीच्या स्टॉपला उठून उभं राहायचं. एकदा एक म्हातारी दोन स्टॉप आधीच उठली आणि थेट रस्त्यावर गेली. आबा म्हणाले, मावशी, परत बसा. ती म्हणाली, "आता कशाला? म्या उतरले न्हवं." लई हसलो आम्ही. तिच्याच गळ्यात गाठ होती.

मग ते वेल्ह्याकडचे नवरा-बायको आले. तिशीची बाई, गालावरची जखम पदरानं झाकलेली. तालमीत एकदम पास. मंगळवारी गेले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तो नवरा एकटाच दुकानात आला, कागदाच्या तीन झेरॉक्स पाहिजेत म्हणून. मी कागद काचेवर ठेवला तेव्हा वाचला. मृत्यूचा दाखला होता, तिचा. आबा स्टुलावरच बसलेले. त्यांनी विचारलं आणि त्यानं शांतपणे सांगितलं. मुंबईत रस्त्याचं खोदकाम चाललेलं, स्टॉप लांब सरकवलेला, घड्याळाचं दुकान पाडलेलं. हे दोघं उतरले आणि दुकान शोधत दुपारपर्यंत फिरले. पोचले तेव्हा तपासणीची वेळ संपलेली. पुढची तारीख दीड महिन्यांनी मिळाली आणि ती यायच्या आधीच बाई गेली.

"गाडीत कंडक्टर व्हता ना?" आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. आता तिकीट चढायच्या आदी खालीच देत्यात."

"मग मान्सं तर व्हती रस्त्यावर."

"तुमीच म्हनला व्हता, कुनाला इचारू नका," तो म्हणाला. "आमी न्हाई इचारलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता हो. सांगितलेलं नीट पाळलं, एवढंच तो सांगत होता. झेरॉक्स घेतल्या, आबांच्या पाया पडला आणि गेला.

आबा दोन आठवडे दिसले नाहीत. मग एके सकाळी आले, पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, माझा फोटो काढ. चिठ्ठीवर बसचा नंबर ठेव, फोटो छाप आणि खाली एकच ओळ लिही, आबा उभे असतील तिथं उतरा. स्टॉप कुठंबी सरकू दे, मी त्याच्यासंगं सरकंन. जुन्या सोबत्याची खोली होती मुंबईत, तिथं दर सोमवारी मुक्कामाला जाणार होते. मी म्हटलं, आबा, हसा की थोडं. नाही हसले.

आठ-नऊ महिने ते असे उभे राहिले. परत आलेली माणसं सांगायची, धुळीनं माखलेला म्हातारा, हात वर करून बस थांबवतो, ट्रॅफिक पोलीस ओरडतो, तो ऐकत नाही. एकेकाला फाटकापर्यंत सोडून पुन्हा स्टॉपवर. त्या महिन्यांत कुणाचीच तारीख चुकली नाही.

मागच्या महिन्यात, मंगळवारी संध्याकाळी, वेल्ह्याकडच्या पालीची एक बाई सासूला घेऊन दुकानात आली. सकाळी मुंबईला पोचलेल्या, तपासणी न होता परत. फोटोची चिठ्ठी हातात. मला वाटलं भांडणार.

"आमी दोगी खिडकीतच बसलो व्हतो," सून म्हणाली. "म्हातारं कुठं दिसलं न्हाई, म्हनून उतरलो न्हाई. शेवटाला गाडीच रिकामी झाली. डायवरनं रिक्षात बसवून दवाखान्यात धाडलं, तवर येळ टळल्याली, नुसती नवी तारीख दिली."

मी आबांना फोन लावला. उचलला त्यांच्या सोबत्यानं. सकाळी टोपी घालून निघाले, जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. आता गाडी करून हिर्डोशीला आणतोय, म्हणाला.

मी त्या दोघींना सांगितलं. सासू बाकावर टेकली. चिठ्ठीतल्या फोटोवरून अंगठा फिरवत म्हणाली, "म्या गाडीत लई शिव्या दिल्या गं यांना."

सुनेनं पिशवीतून नवा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. नशीब, या वेळी तारीख लवकरची होती, पुढच्याच मंगळवारची.

"मग आता उतरायचं कुठं?" तिनं विचारलं.

मी कॉम्प्युटरवर चिठ्ठी उघडली. फोटो काढून टाकला, खालची ओळही काढली. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी मुंबई एकदाही पाहिलेली नाही.