मुकादमानं भाजलेला राब

सावळा ठाकर भुशीच्या वरच्या वाडीतला. घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, त्यांचे दगड रुळावरून बाजूला करायचे, हे त्याचं काम. बारा पावसाळे केलं, पण हंगामी म्हणूनच. सहा महिने सलग भरले की माणसाला कायम करावं लागतं, म्हणून ते भरायच्या आत त्याला घरी बसवायचं आणि पुढच्या पावसाळ्यात नव्यानं घ्यायचं. झालं! कायदा शाबूत आणि सावळा घरी. हुकूम वरचा, पण सांगायचं काम मुकादम निवृत्तीचं. तो रुळावरूनच ओरडायचा, "सावळ्या, उद्यापासून येऊ नको रे!"

कायम व्हायचं, एवढीच सावळाची इच्छा. त्याच्या बायकोच्या, बायाच्या तोंडी तर उठता-बसता तेच. पुढचं सगळं मला तिनंच सांगितलं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. पोलीस रेल्वेच्या चाळीतून संपवाली माणसं उचलायला लागले तसा निवृत्ती मागच्या दारानं पळाला, आणि गेला कुठं, तर सावळाच्या घरी! मला अजून राग येतो. ज्याला बारा वेळा घरी बसवलं त्याच्याच दारात जायला तोंड तरी कसं झालं? पण सावळानं त्याला आत घेतलं.

वाडीत राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला पसरून जाळतात, तो राब. निवृत्ती नुसता बसून राहिला तशी बाया म्हणाली, "मुकादम, संप खाली स्टेशनात. हितं न्हाई. उचला पाला." मग काय, भुवया होरपळेपर्यंत त्यानं राब भाजला.

भाकरी खाताना सावळानं एकदा विचारलं, "तुमच्या मागण्यांत आमचं काय हाय?"

"हाय की. हंगामी लोकांना कायम करा, ह्ये बी हाय."

"मग बरं हाय," सावळा म्हणाला.

चार दिवसांनी रेल्वेचा एक साहेब संपवाल्यांच्या जागी माणसं गोळा करत वाडीत आला. निवृत्ती आत कणगीमागं दडला. साहेब दारातूनच सावळाला म्हणाला, "उद्या कामावर ये. कायम करतो."

"संप मिटला की येतो," सावळा म्हणाला.

साहेबाची पाठ वळली आणि बाया कडाडली. "डोकं फिरलं का तुमचं? ह्या मानसानं बारा येळा घरी बसवलं, आन त्याच्यापायी चालून आलेली नोकरी घालवता?"

"आपल्यात बसून जेवतोय त्यो," सावळा म्हणाला. "त्याचाच संप मोडाया कसा जाऊ?"

पुढं संप मोडलाच. सावळा खाली गेला, तर साहेब म्हणाला, आता जागा नाही. निवृत्तीला मात्र परत घेतलं. पावसाळ्यात सावळा पुन्हा दगड काढायला लागला, हंगामी.

कार्तिकात तोच हुकूम आला. या वेळी निवृत्ती रुळावरून ओरडला नाही. चढण चढून वाडीत आला, दारात मान खाली घालून उभा राहिला. "सावळा, उद्यापासनं..."

"कळलं," सावळा म्हणाला. "बसा."

बाया आता चपलेनं हाणणार, असंच कुणालाही वाटलं असतं. तिनं ताट वाढलं. नव्या तांदळाचा भात.

"खावा, मुकादम. तुमी भाजल्याल्या राबाचाच हाय."

निवृत्ती भात नुसताच चिवडत बसला. बाया समोर बसून होती. ताट रिकामं होईपर्यंत ती उठली नाही.