नाय म्हणेल त्याने बाटल्या भरायच्या

निकालाच्या दिवशी धाकटा शाळेतून दोन गोष्टी घेऊन आला. एक प्रगतिपुस्तक आणि एकाच पायातला बूट. दुसरा बूट कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. प्रगतिपुस्तकात मार्क बरे होते, पण खाली बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं की मुलाच्या बोलण्यात ग्रामीण शब्द फार येतात, सुट्टीत घरी शुद्ध भाषेचा सराव करून घ्यावा.

नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "मग? बरोबरच हाय की." आपण 'हाय' म्हणालो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो रोज आटगावहून लोकलने ठाण्याला जातो, ऑफिसात हिंदीतून भांडतो, इंग्रजीतून माफी मागतो आणि घरात पाऊल टाकलं की चपलांबरोबर सगळ्या भाषा दाराबाहेर काढून ठेवतो. त्याला काही झोंबत नाही. मला झोंबलं.

कारण मी टोकावड्याकडची. लग्नाआधी शहापुरात लॅबमध्ये कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी एका पेशंटला म्हटलं, "तुमचा रिपोर्ट आला नाय अजून." शेजारच्या टेबलावरची मुलगी ते वाक्य माझ्या आवाजात दिवसभर म्हणत होती. मी घरी गेले आणि आरशासमोर उभी राहून 'नाही' म्हणायला शिकले. त्यातला 'ही' पूर्ण उच्चारायचा, गिळायचा नाही. तेव्हापासून त्या निकालाच्या दिवसापर्यंत माझ्या तोंडून 'नाय' गेलेलं नव्हतं. आता माझ्याच पोरावर कोणी हसलेलं मला चालणार नव्हतं.

म्हणून मी घरात कायदा केला. जो 'नाय', 'आमी', 'तुमी', 'हाय' म्हणेल त्याने फ्रिजमधल्या बाटल्या भरायच्या.

ज्यांच्या घरात मे महिन्यात पोरं असतात त्यांना या शिक्षेचं वजन कळेल. आमच्या फ्रिजमध्ये अकरा बाटल्या राहतात. पोरं एक एक उघडतात, तोंड लावून पितात, तळाला घोटभर पाणी ठेवतात आणि बाटली परत आत उभी करतात, म्हणजे "मी संपवली नाही" असं देवाची शपथ घेऊन सांगता येतं. मी लॅबमध्ये सकाळी सात ते एक लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. घरी येऊन पुन्हा बाटल्यांना हात लावायची माझी अजिबात इच्छा नसते. कायद्यामागे शुद्ध भाषा होती, पण थोडा स्वार्थही होता, हे कबूल करते.

थोरली अकरा वर्षांची. तिला कायदा फारच आवडला. वर्षभर शाळेच्या नावाने पोट दुखणारी ही मुलगी सुट्टी लागली की घरात शाळा काढते. तिने वहीच्या कागदावर तक्ता आखला, त्यात सगळ्यांची नावं घातली आणि फ्रिजवर चिकटवला. एक चूक म्हणजे एक रेघ, एक रेघ म्हणजे एक बाटली. पहिल्या दिवशी धाकट्याच्या नऊ रेघा झाल्या, बापाच्या रात्री जेवताना सहा. माझी एकही नाही. मी मनातून फुगले.

मग सासूबाई आल्या.

त्या दरवर्षी मे महिन्यात वैशाखऱ्याहून येतात. मुरबाडला एसटी बदलतात आणि हातात दोन पिशव्या घेऊन दारात उभ्या राहतात. एका पिशवीत कपडे, दुसरीत करवंदं आणि आंबे. मी कामावर असते तेव्हा पोरं त्यांच्या ताब्यात. मी दीडला येते, जेवते आणि आतल्या खोलीत आडवी होते. बाहेर कूलरसमोर चटई टाकून त्या दोघांना दोन्ही बाजूंना घेतात आणि गोष्ट सांगतात. माझी दुपारची झोप त्या गोष्टीवर उभी आहे.

गोष्ट एकच आणि तिला अंत नाही. टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यामागच्या चिंचेवर एक भूत राहतं. त्याला घाटावर बहिणीकडे जायचंय. चालत जाता येत नाही, कारण त्याचे पाय उलटे. घाटाकडे निघतं आणि मुरबाडला पोचतं. शेवटी ते ठरवतं की एसटीने जायचं. आणि बायकांना अर्धं तिकीट असतं म्हणून ते ढाबेवाल्याच्या बायकोची दोरीवरची साडी नेसून स्टॉपवर उभं राहतं. दरवर्षी भूत थोडं पुढे सरकतं. मागच्या वर्षी पदर सांभाळता येत नाही म्हणून त्याची एक गाडी चुकली होती. या वर्षी ते बसमध्ये चढलं. मी आत पडल्या पडल्या ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मलाही पुढे काय होतं ते हवं होतं.

"कंडक्टर आला," सासूबाई म्हणाल्या. "बोल्ला, मावशे, कुठला देऊ? भूत काय बोलंना. बोल्लं आसतं तर आवाजानी वळाखला आसता. कंडक्टर बोल्ला, तोंड नाय काय तुला? आनि त्यानी खाली बघितला, पायांकडं..."

"आजी," थोरली म्हणाली, "'बघितला' नाही, 'बघितलं'. आणि मघाशी 'नाय' पण म्हणालीस. एकूण पाच रेघा."

मग धाकटा खो खो हसला.

हे सगळं मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. पोरगी किती अचूक पकडते, असं म्हणून मी कूस बदलली आणि झोपले.

पुढचे तीन दिवस फ्रिज भरलेला. अकराच्या अकरा बाटल्या, गळ्यापर्यंत, बाहेरून पुसून, झाकणं घट्ट. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं की मुलांना वळण कसं लावायचं ते माझ्याकडून शिका. लॅबमधल्या एका मैत्रिणीने तर कायदा लिहून घेतला.

चौथ्या दिवशी लॅबमधलं मशीन बंद पडलं म्हणून मी अकरालाच घरी आले. पोरं मोबाइलवर. सासूबाई मोरीत पाटावर बसून बाटल्या भरत होत्या. एक भरायची, पदराने पुसायची, बाजूला ठेवायची. मी फ्रिजवरचा तक्ता बघितला. धाकट्याच्या रेघा थांबल्या होत्या. नवऱ्याच्या थांबल्या होत्या. 'आजी'पुढे गोष्टीच्या दिवसापर्यंतच इतक्या रेघा झाल्या होत्या की थोरलीने मागच्या बाजूला नवीन पान जोडलं होतं; त्याच रेघा सासूबाई अजून फेडत होत्या.

"आई, तुम्ही कशाला? तो खेळ आहे मुलांचा," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मान हलवली. बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेले तीन दिवस त्या काहीच बोलल्या नव्हत्या. चहा हवा का, तर मान. आंबे संपले का, तर हात. मी समजत होते उन्हाने थकल्यात. दुपारी चटईवर पोरं मोबाइल घेऊन पडत होती आणि घर शांत आहे म्हणून मी खुशाल घोरत होते. सत्तरीच्या बाईची जीभ मी बंद केली होती आणि वर झोपही काढली होती.

मी तक्ता फाडला. थोरली रडली, तिचे बारीक अक्षरातले इतके दिवस वाया गेले म्हणून. मी सासूबाईंना म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही पहिल्यासारखं बोला."

बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, तेही हळू, पोरांना ऐकू जाणार नाही असं. "मी रागावले नाय गो. पोरांच्या शाळंचा हाय. माज्या तोंडाचा त्यांना लागायला नको. तुजा काय चुकला नाय."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी भांडले असते, मग रडले असते आणि दोघी मिळून चहा प्यालो असतो. पण त्यांना मनापासून वाटत होतं की आपलं बोलणं हा सर्दीखोकल्यासारखा काहीतरी संसर्ग आहे आणि तो नातवंडांना होईल. तसं त्यांना मी वाटायला लावलं होतं. मी, जिला घरी बोलावताना माझी आई अजूनही "येतंस का नाय?" असं विचारते.

"मी आयतवारी जाते," त्या म्हणाल्या. एरवी त्या शाळा सुरू होईपर्यंत राहतात.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू काढलास कायदा, तूच बघ." चपलांबरोबर हा माणूस जबाबदारीही दाराबाहेर ठेवतो.

शनिवार उजाडला, मी रजा टाकली. मी पोरांना भरीला घातलं. धाकटा सकाळपासून आजीच्या मागे लागला, "आजी, कंडक्टरने काय बघितला?" मुद्दाम 'बघितला' म्हणाला, मी शिकवलं होतं. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला, त्याच्या हातावर चार करवंदं ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पिशवी भरायला लागल्या. थोरली कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती. आपल्यामुळे झालं हे तिला कळलं होतं आणि काय करायचं ते कळत नव्हतं. त्यात ती माझ्यावर गेली आहे.

दुपारी मी जेवले आणि झोपायला गेले नाही. कूलरसमोर चटई टाकली, दोघांना दोन्ही बाजूंना घेतलं आणि म्हटलं, "चला, गोष्ट मी पूर्ण करते."

"तुला येते?" धाकट्याने संशयाने विचारलं.

"न यायला काय झालं? तर, कंडक्टरने भुताच्या पायांकडे पाहिलं. पाय उलटे होते. ते पाहून कंडक्टर अतिशय घाबरला."

"अतिशय?" थोरली म्हणाली.

"अतिशय. त्याला दरदरून घाम फुटला. त्याने घंटी वाजवली, बस थांबली आणि तो खाली उतरून पळून गेला."

"बस?"

"बस. मग ड्रायव्हरही पळून गेला. मग सर्व प्रवासी पळून गेले."

धाकट्याने जांभई दिली आणि मोबाइल शोधायला लागला. मला स्वतःलाच ती गोष्ट ऐकवत नव्हती. पण मी नेटाने पुढे रेटली. भूत एकटंच बसमध्ये बसलं, त्याला वाईट वाटलं, त्याने ठरवलं की यापुढे कोणालाही त्रास द्यायचा नाही आणि ते आपल्या चिंचेच्या झाडावर परत गेलं.

स्वयंपाकघरात पिशवीची चेन लावल्याचा आवाज आला. मग तिकडूनच, मोठ्याने, चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने, आवाज आला.

"नाय!"

आम्ही तिघांनी माना वळवल्या.

"असा नाय झाला. कंडक्टर कशाला घाबरंल?" पिशवी हातात घेऊन सासूबाई दारात आल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की मी त्यांच्या भाताच्या आदणात साखर टाकली असावी. "माळशेजच्या गाडीवर कामाला हाय तो. आसं पाय त्यानी कितीक बघितलं. त्यानी भुताला सांगितला, पाय उलटं हायत तर तू चाल्लायस घाटात का मुरबाडला, ते आदी ठरव. तिकीट त्याच बाजूचा फाडीन."

धाकटा आडवा झाला हसून. थोरलीने मोबाइल उचलला आणि उशीखाली सारला.

"मग?"

"मग काय, भुताला पन ठरवता येईना. गाडी चाल्ली घाटात, पाय म्हनतात मुरबाड." त्या चटईवर टेकल्या, पिशवी उशाला घेतली आणि पोरांमध्ये पाय पसरले. मी उठून त्यांना जागा दिली.

थोरलीने हळूच विचारलं, "आजी, उद्या जाणार तू?"

"त्याला आर्ध्या घाटात सोडून कशी जाऊ? आदी उतरू दे त्याला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तू लिव तुजं रेघा. मना काय नाय त्याचा."

"तक्ता फाटला," थोरली म्हणाली आणि त्यांच्या कुशीत तोंड खुपसून रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गोष्ट न थांबवता पुढे नेली.

मी आत जाऊन पडले. डोळे मिटले, पण झोपायला नव्हे. माझ्या लहानपणी आमच्या घरात असंच बोलायचे, असंच वाक्य अर्ध्यात टाकून पुढचं उचलायचे. ते सगळं मी एका संध्याकाळी आरशासमोर उभी राहून पुसून टाकलं होतं आणि इतकी वर्षं त्याचा मला अभिमान होता. मला एकदम आईची फार आठवण आली.

बाहेर भूत घाटाच्या पहिल्या वळणावर पोचलं, त्याला गाडी लागली आणि त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोकं बाहेर काढलं ते नेमकं काढूनच हातात घेतलं, म्हणून पुढच्या सीटवरची म्हातारी त्याला चार शब्द सुनावत होती.

"गो, ऐकतेस का झोपलीस?" सासूबाईंनी आवाज दिला.

"नाय," मी म्हटलं. "नाय झोपले."

गोष्ट थांबली. धाकटा उठून दारात आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून फ्रिजकडे बघितलं.

मी मुकाट उठले आणि बाटल्या भरायला गेले.