शिवणकाकूंच्या मोरीतल्या मुंग्या

तुमच्या घरात साखर मोजायचं यंत्र आहे ना? मग सांगा, त्याची सुई आजवर कुणाकुणाच्या बोटाला टोचली?

आमच्या गल्लीतल्या शिवणकाकूंकडे ती एकाच बोटाला टोचायची. काका कपड्यांच्या कारखान्यात फिटर. गेटवरच्या तपासणीत त्यांची साखर निघाली. मग कारखान्याच्या भिंतीवर तक्ता लागला: मधुमेह बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. मी तिथल्या साहेबाला तोंडावर विचारलं, "गेटातून बाया जातात तरी किती? तुमचीच कापडं घरी बसून शिवतात, त्यांना कुणी बोलावलं?"

"ताई, हा आकडा आहे."

आकडा कसला! माप न घेता शिवलेला सदरा.

काकू रोज सकाळी काकांचं बोट धरायच्या. "हात इकडे. आक्रसताय काय? मी दिवसभर टोचून घेते!" स्वतः मात्र तांब्याने पाणी प्यायच्या, सारख्या मोरीवर जायच्या. मोरीत मुंग्यांची रांग लागायची. लघवीतून साखर गेली की मुंग्या येतात, आणि साखर तर काकांची! काकू पाणी ओतत म्हणायच्या, "आल्या माझ्या नणंदा!"

पुढे काकांना परगावच्या कामावर धाडलं. घरात काकू एकट्या. मुंग्या तरी आल्याच. काकूंनी फोनवर सांगितलं, "तुम्ही गेलात, पण तुमच्या बहिणी काही हलत नाहीत." दोघं पोट धरून हसले. यंत्र तिथेच फळीवर होतं. दोघांनाही सुचलं नाही.

काका परतले तेव्हा काकूंच्या तळपायात मोडकी सुई रुतलेली, जखम काळी पडलेली. "दुखत नाही हो," त्या म्हणाल्या. दुखत नव्हतं, तेच तर वाईट. दवाखान्यात त्यांची साखर पहिल्यांदा मोजली. डॉक्टरीणबाई काकांवर कडाडल्या, "इतकी वर्षं काय करत होतात?" आधी पाय गेला, मग काकू.

आता मोरीत मुंगी नाही. तरी काका पहाटे उठून तिथे वाकून बघतात. परवा मी गेले तर मोरीच्या काठावर चिमूटभर साखर ठेवलेली.

"काका, हे काय?"

"आल्या तर आल्या," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ती आत असल्यासारखं वाटतं."

मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या सकाळी यंत्र काढाल, तेव्हा सुई बदला आणि घरातल्या बाईला म्हणा, "हात इकडे."