काचेची बटणं

माहेरची गाडी विकायचं मी आणि आईनं ठरवलं, तेही फोनवर, वडील गोठ्यात असताना. त्यांना अंधारात ठेवून काही करायची आमच्या घरात पद्धत नाही. पण श्रीरामपूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला त्यांनी गाडी घासली होती, आणि "ट्रॉलीलाच दिवा न्हवता" यापलीकडं ते काही कबूल करत नव्हते. आई म्हणाली, गाडी दारात दिसली की ते चालवणारच. मग मी संगमनेरला आमच्या कॉलनीतल्या एका शिक्षकांना शब्द देऊन टाकला. त्यांची अट एकच होती: काचा वरखाली करणारी बटणं चालू करून द्या, रविवारी येऊन गाडी नेतो.

म्हणून शनिवारी सकाळीच मी पुणतांब्याला गेले. वडिलांना म्हटलं, बटणं दुरुस्त करायला आलेय. त्यात खोटं काहीच नव्हतं. आपली जीभ इतकी सरावलेली आहे हे मला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला.

बटणांची दशा बघून तो राग मी त्यांच्यावर काढला. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळं तारा आणि बटणं उघडायची सवय आहे. बॅटरीची वायर काढली, चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून दारावरची पट्टी उचकटली आणि बटण उघडलं, तर आतल्या तांब्याच्या पत्त्या पार खरवडलेल्या. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला की आमच्याकडं त्याचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासतात. वडिलांनी तोच कागद इथं चालवला होता. स्टार्टरचा पॉइंट चांगला जाडजूड असतो. इथं कागदासारखी पातळ पत्ती, ती किती घासणार?

"दादा, ही काय विहिरीवरची मोटार आहे का?"

"करंट त्यो करंट," वडील म्हणाले. "तिथला काय अन् हितला काय."

मी जरा जास्तच बोलले. कशाला हात लावता, येत नाही तर विचारावं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याशेजारी पोतं अंथरून बसले. मग मी मागेन ते हातात द्यायला लागले. पान्हा मागितला तर पान्हा, फडकं मागितलं तर फडकं. मी पत्त्या हलक्या हातानं सरळ केल्या, खोडरबरनं काजळी काढली, स्पिरिटनं पुसल्या, वर किंचित व्हॅसलीन लावलं. चालकाच्या दाराचं बटण मात्र कामातून गेलं होतं, त्याच्या जागी मी येताना आणलेलं नवं बसवलं. वडिलांना प्रत्येक गोष्टीचं अप्रूप. वायर जोडून पहिली काच खाली गेली तेव्हा ते इतके खूश झाले, की त्यांनी ती चार वेळा वरखाली केली आणि आईला बघायला बोलावलं. आई आली, "बरं झालं" म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता आत गेली.

मी शेवटी बटणांच्या वरची चिकट घाण काडीनं काढत होते. वडील हसून म्हणाले, "बाजाराला न्यायच्या बैलाची शिंगं घासावी तशी घासतीस की गं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काडी फिरवत राहिले. त्यांना काही कळलंय का म्हणून चोरून बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ चेष्टा होती.

काम उरकलं तेव्हा ऊन उतरलं होतं. वडिलांनी हात धुतले, घरात जाऊन किल्ली आणली आणि माझ्या हातात दिली. मग वळसा घालून ते डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर ते कधीच बसत नसत.

"आता तू चालव," ते म्हणाले. "मला सांजच्याला रस्त्याची कड दिसत न्हाई. ती ट्रॉली बी दिसली न्हवती, खोटं बोललो. तुमी गाडी काढून टाकाल ह्या भ्यानं गप हुतो. पन तू येवढ्या जिवानं बटनं नीट केलीस, म्हनलं ही काय आता इकत न्हाई. तुला सांगायला काय हरकत हाय?"

आजवर त्यांनी आपली कुठली कमजोरी मला सांगितली नव्हती. आणि सांगितली तीही माझ्या फसवणुकीवर विश्वास ठेवून. मला रडू आलं. गाडीत बसून, समोर बघत, मी त्यांना सगळं सांगितलं. शिक्षक उद्या येणार आहेत, हेही.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "तुझ्या आईला ठावं हाय?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"म्हंजी मला एकट्यालाच ठावं न्हवतं," म्हणत ते उतरले आणि धारा काढायला गेले.

रात्री मी म्हटलं, शिक्षकांना नाही म्हणून कळवते. त्यांनीच मोडता घातला. दिलेला शब्द फिरवायचा नाही म्हणाले. रविवारी त्यांनीच गाडी दाखवली, बटणं लेकीनं केलीत असं कौतुकानं सांगितलं, चहा पाजला. माझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. भांडले असते तर मला सोसलं असतं.

त्यानंतर मी नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं चला म्हणून मागं लागले आहे. दर फोनला विचारते, दादा, डोळे कसे आहेत? ते म्हणतात, "झ्याक हायेत. समदं दिसतंय." आणि फोन आईकडं देतात.