बाप्पाच्या मुकुटात सापडलेला चंद्रकांत

बायांनो, आज मला तोंड दाखवायला जागा नाय, आणि दोष माझाच हाय.

गेल्या आठवड्यात माझ्या अंगठीतला चंद्रकांत मणी हरवला. दिसायला दुधाचा थेंब, हलवला की आत निळा उजेड सरकतो. सासूबाई म्हणायच्या, चांदणं गोठून हा खडा झाला, पौर्णिमेला याला घाम फुटतो.

हमरापूरच्या आमच्या कारखान्यात मी नि धाकटी जाऊ मंगल गणपतीला खडे लावतो. मी सगळ्या बायकांसमोर तिला चोर म्हटलं, तिची पिशवी उपडी केली. काय सापडलं नाय. ती माहेरी रोह्याला निघून गेली.

आज मूर्ती उन्हात काढली. मुकुटात काचेचे खडे चमकत होते, पण मधल्या एकात निळा उजेड सरकला. तो मुकुट मीच केलेला! मणी निसटून खड्यांच्या ताटलीत पडला नि मीच तो चिकटवला. घाम मला फुटला.

लगेच मंगलला फोन करून मणी कुठं सापडला ते सांगितलं. मंगल म्हणाली, "मग ताई, बाप्पाची पण झडती घेतलीत काय?" आणि ठेवला.

चोर सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणून माफी पण सगळ्यांसमोर मागते. उद्या रोह्याला जाते. मला दारात उभं तरी करेल काय गो ती?