यंत्राचं इकडं-तिकडं

बुलढाण्याच्या कॉलेजात काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र माझ्या ताब्यात आहे. ठोकळा किती जोर सोसून फुटला, तो आकडा मी लिहून देते. दरवर्षी कॅलिब्रेशनवाला येऊन यंत्र तपासतो आणि लिहून जातो, की यंत्र दाखवतं त्यापेक्षा खरा जोर इतका कमी किंवा इतका जास्त असू शकतो. याला अनिश्चितता म्हणतात. ती ओळ मी प्रत्येक रिपोर्टवर छापते.

माझ्या माहेरच्या गावी शाळेची नवी खोली होत होती. भावाची पोरगी त्याच खोलीत बसणार होती. स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे माझ्याकडे आले आणि आकडा पासच्या रेषेला जेमतेम टेकला.

साइटचा इंजिनिअर खुर्ची ओढून बसला. "मॅडम, तुमची मशीन इकडं-तिकडं होते म्हन्ता ना? मंग जरा आमच्या इकडं करून द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् खरा जोर रेषेच्या खाली असला तर? लेकरायले काय सांगू, मशीन इकडं-तिकडं झाली?" पास म्हणता येत नाही, स्लॅबचाच तुकडा काढून तपासा, असं मी लिहून दिलं. तर आमचे विभागप्रमुख सर मलाच म्हणाले, "कशाले वाईटपणा घेता? ती ओळच काढून टाका." आणि हा माणूस वर्गात हीच अनिश्चितता शिकवतो.

इंजिनिअरनं उरलेले ठोकळे दुसऱ्या लॅबात नेले. तिथं असली ओळ छापतच नाहीत. स्लॅब पास झाला. मी फोनवर बोंबलले तर भाऊ म्हणाला, "कागद आला ना पासचा? तू काऊन चिडून राह्यली?"

पुढच्या उन्हाळ्यात तोच इंजिनिअर पोत्यात ठोकळे घेऊन हजर. चिखलीला स्वतःचं घर बांधत होता.

"त्या लॅबात जा ना," मी म्हटलं. "तिथली मशीन इकडं-तिकडं होत नाही."

लाजला नाही मेला. उलट मलाच समजावून सांगितलं, "मॅडम, हे घरचं काम हाय. लेकरं झोपतीन त्याच्याखाली."

मी ठोकळे फोडले. रेषेच्या चांगले वर गेले. रिपोर्ट त्याच्या हातात दिला. अनिश्चिततेची ओळ त्यानं बोट ठेवून वाचली.

"मंग शाळेत कोणाची लेकरं बसतात बे?" मी विचारलं. त्याआधी नोकरीत कोणाला बे म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यानं रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. भाची अजून त्याच खोलीत बसते.