आईचं दुखणं माइकवर कुणी सांगितलं?

अन्याय झाला तो माझ्या आईवर. सुनंदाबाई, सोलापुरातल्या एका मिशन शाळेत पहिलीच्या वर्गशिक्षिका. तो झाला शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळच्या प्रार्थनेला, सगळी शाळा डोळे मिटून उभी असताना.

त्याच्या आदल्या शनिवारी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं होतं. मानेत, जबड्याखाली, बोराएवढी गाठ होती. उन्हाळाभर आईला ती दाढेची सूज वाटत राहिली. दाताच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं. गोळ्या झाल्या, गाठ हलली नाही. मग संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, ब्लाउज ढिले पडायला लागले. शेवटी एफएनएसी केली. म्हणजे बारीक सुईने गाठीतला थोडा भाग ओढून तपासतात. इंजेक्शनएवढं दुखतं, जास्त नाही. ज्यांची व्हायची असेल त्यांनी उगाच घाबरू नये.

रिपोर्ट आला, लिम्फ नोड टीबी. लिम्फ नोड म्हणजे रोगाशी लढणाऱ्या छोट्या गाठी, त्या प्रत्येकाच्या अंगात असतात. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

"टीबी गाठीत आहे, फुफ्फुसात नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. बोलण्यातून, खोकल्यातून कुणाला लागणार नाही. गोळ्या सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. ताप नसेल तेव्हा खुशाल शाळेत जा."

बाहेर बाकावर बसल्यावर आईने मला परत आत पाठवलं. म्हणाली, पहिलीची पोरं अंगावर लोळतात, त्यांचं पुन्हा एकदा विचारून ये. मी विचारून आले. उत्तर तेच होतं.

रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर आईने मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं. औषध सुरू होताना एखाद-दोन दिवस रजा लागेल म्हणून सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाई, हे तुमच्यापुरतं ठेवा."

सोमवारी मी आईला स्कूटीवरून सोडलं आणि फाटकातच थांबले. शाळेचा एक कर्णा फाटकाकडे तोंड करून आहे. त्यातून मोठ्या बाईंची प्रार्थना ऐकू आली. हे प्रभू, आमच्या सुनंदाबाईंना टीबीने ग्रासलं आहे, तू त्यांना स्पर्श कर. फाटकाबाहेर पालक, रिक्षावाले, पेरूवाली, सगळ्यांनी ऐकलं. आत आई वर्गाच्या रांगेपुढे हात जोडून, डोळे मिटून उभी होती. तिने डोळे उघडले तेव्हा पोरांचे डोळे आधीच उघडले होते.

'गाठीतला' हा शब्द प्रार्थनेत नव्हता. 'लागत नाही' हेही नव्हतं.

त्याच दुपारी आईच्या वर्गातल्या यादगिरीची आजी आली. ही विड्या वळणारी बाई, घरी तेलुगू बोलते, नातवाला एकटी वाढवते. ती वर्गाच्या दारातच थांबली. "राग धरू नका टीचर. एकच पोरगं आहे की आमचं." यादगिरीचं दप्तर उचलून ती शेजारच्या तुकडीत घेऊन गेली. तिच्यावर माझा राग नाही. तिने जे ऐकलं त्यावर कुणीही तेच केलं असतं. आठवडा संपायच्या आत निम्मा वर्ग रिकामा झाला.

मी डॉक्टरांचा कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांचं म्हणणं, मी प्रेमानेच केलं, प्रभूसमोर काय लपवायचं? मी म्हटलं, "तुम्ही प्रभूसमोर नव्हता बाई, माइकसमोर होता." त्यांनी कागद वाचलाच नाही. बरं होईपर्यंत आईने घरीच राहावं, विश्वास ठेवावा, मग येऊन साक्ष द्यावी, असा निरोप दिला. साक्ष म्हणजे प्रभूने कसं बरं केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं.

विश्वास फक्त आजारी माणसानेच ठेवायचा का? शाळेने एका एक्स-रेवर ठेवला नाही, आणि आम्हाला शिकवतात.

आईचा विश्वास मी लहानपणापासून बघते. पत्रे तापलेल्या वर्गात, उपाशी आलेल्या पोराला स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी देऊन, संडासही स्वतः धुऊन ती शिकवते. तिची प्रार्थना हजेरीत असते. हजेरी घेताना काही नावांवर ती क्षणभर थांबते. कुणाचा बाप पितो, कुणाची आई निघून गेलीय, तिला ठाऊक असतं. त्या थांबण्यात ती प्रभूला जे सांगायचं ते सांगते. कोणत्या नावावर का थांबली, हे तिने मलाही कधी सांगितलं नाही.

आता औषधाचं. गोळ्या सकाळी उपाशीपोटी. लघवी नारिंगी होते, ते रक्त नाही. सुरुवातीला मळमळतं. आणि मध्येच गाठ उलट मोठी होऊ शकते. आईची झाली. डॉक्टरीणबाईंनी बोटाने चाचपून सांगितलं, "मेलेल्या जंतूंशी शरीराची झटापट चाललीय. घाबरू नका, गोळ्या थांबवू नका." म्हणून तुम्हीही थांबवू नका, पण दाखवून या.

त्याच आठवड्यात प्रार्थना गटातल्या एक बाई घरी आल्या. दारालगतच्या खुर्चीवर टेकल्या, चहा नको म्हणाल्या आणि आईला विचारलं, मनात काही न कबूल केलेलं पाप आहे का? मी म्हटलं, "चहा घ्या की मावशी. तुमचा कप वेगळा धुऊन ठेवलाय." त्या उठून गेल्या. आई मला रागावली. मग तोंडाला पदर लावून हसली.

दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या सिस्टर मात्र दर वेळी खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात तब्येतीचं विचारायच्या. बाहेर हाक मारताना नंबर पुकारायच्या, आजार नाही. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. गुप्तता पाळणं मी तिथे पाहिलं, चर्चमध्ये नाही.

ते सहा महिने आई घरीच होती. औषध पूर्ण झालं, गाठ जिरली. पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी आईला साक्षीसाठी उभं केलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत होत्या. आईने प्रभूचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, सिस्टरांचे मानले. सगळे आमेन म्हणाले. मग ती म्हणाली,

"माझं नाव आणि माझं दुखणं प्रभूला आधीपासून माहीत होतं. त्याला माइकवरून सांगायची गरज नव्हती. ते तुम्ही एकमेकांना सांगितलं. त्यामुळे माझी पोरं गेली."

यावर कुणी आमेन म्हटलं नाही. आई खाली बसली.

सोमवारी ती वर्गावर गेली. मोठ्या बाईंनी अडवलं नाही, माफीही मागितली नाही. त्यांनी ती मागावी, असं मी अजून म्हणतेय. यादगिरीची आजी मात्र नातवाचं बोट धरून आली. म्हणाली, "आमच्या घरातलं तुमी कुटंबी बोलला नाहीत टीचर. आमीच ऐकून पळालो." आईने हजेरी घेतली, यादगिरीच्या नावावर थांबली आणि पुढे गेली.

हे वाचणारे तुम्ही, येत्या रविवारी मंडळीत, उद्या शाळेच्या माइकवर, आज रात्री मोबाईलवरच्या प्रार्थना गटात कुणाच्या आजाराचं नाव घ्यायच्या आधी त्या माणसाला विचारा, "सांगू का?" विचारलं नसेल, तर मनातल्या मनात प्रार्थना करा आणि खाली बसा.